परदेशची सहल आणि मोबाइलचा जमाखर्च

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखाद्या मोठ्या विषयावर भाषण व्हावे असा आपल्याकडे परिपाठ आहे. यंदा मात्र कार्यकारी मंडळाने मला निराळेच सांगितले. "घरी गेल्यावर बायकांना लगेच करून पाहता येईल असे काहीतरी बोला," अशी त्यांची सूचना होती. ती शिरोधार्य मानून, परदेशच्या सहलीत मोबाइलच्या इंटरनेटवर होणारा खर्च आटोक्यात कसा ठेवावा, याविषयी आज मी चार गोष्टी सांगणार आहे.

विषय ऐकून काही जणींच्या चेहऱ्यावर हसू आलेले मला दिसते आहे. "आमचा परदेश म्हणजे मांडव्याहून लाँचने मुंबई!" असे कोणी मनात म्हणतही असेल. पण अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या या किनाऱ्याला समुद्रापलीकडचा मुलूख कधीच परका नव्हता. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनकडच्या कितीतरी घरांतील कर्ते पुरुष आखातात नोकरीला आहेत. आपल्या अष्टागरातील बेने इस्रायली कुटुंबे १९४८ नंतर एकेक करून इस्रायलला गेली. आणि आता तर मुले पुण्या-मुंबईत चांगली मिळवती झाली आहेत. ती हौसेने आईवडिलांना सिंगापूर, थायलंड, दुबई, युरोप दाखवून आणतात. कोणाची लेक अमेरिकेत असते, तिच्या बाळंतपणाला आई जाते. तेव्हा हा विषय आपल्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोहोचला आहे.

पूर्वीच्या बायका समुद्रापलीकडे निरोप धाडताना फार जपून वागत. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून "सुखरूप पोहोचलो" एवढ्यावर काम भागवीत. विमानाच्या टपालाचा निळा एरोग्राम आला, तर त्याच्या कडेकडेने, घडीच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत मजकूर बसवीत. कारण आत दुसरा कागद घालण्याची मुभा नव्हती. आखातात गेलेले पुरुष कॅसेटवर आवाज भरून तो येणाऱ्या-जाणाऱ्या गाववाल्याबरोबर पाठवीत. निरोपाला मोल आहे आणि ते मोजून द्यायचे असते, ही जाणीव त्या काळी घराघरांत होती.

पुढे दिवस पालटले. आपल्या देशात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्यानंतर काही वर्षे आलेल्या फोनचेही पैसे पडत; ते २००३ साली बंद झाले. तारखाते २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाले. २०१६ साली जिओ आल्यावर तर इंटरनेटचे दर इतके खाली आले की, मोजण्याची सवयच आपण विसरून गेलो. सकाळच्या फुलांच्या चित्रापासून रात्रीच्या मालिकेपर्यंत सगळे त्या एका रिचार्जात बसते. देशात कोठेही गेले तरी निराळे पैसे पडत नाहीत. ही सुखाची गोष्ट आहे. पण या सुखाने लागलेली सवय घेऊन आपण विमानात बसतो, आणि तेथेच घोटाळा होतो.

परदेशी गेल्यावर नेमके काय होते, ते आधी समजून घेऊ. आपल्या मोबाइल कंपनीचे मनोरे त्या देशात नसतात. आपला फोन तेथल्या एखाद्या कंपनीच्या मनोऱ्याला जाऊन चिकटतो. ती कंपनी आपल्याला सेवा देते आणि त्याचे पैसे आपल्या कंपनीकडे मागते. आपली कंपनी त्यात स्वतःचा हिशेब मिळवून आपल्याकडून घेते. परगावच्या खाणावळीत जेवावे आणि त्याचे बिल आपल्या गावच्या वाण्यामार्फत यावे, तसा हा प्रकार आहे. याला रोमिंग म्हणतात. आधी ठरवून पॅक घेतला असेल तर दर ठरलेला असतो. पॅक नसेल, तर इंटरनेटचे पैसे एमबीवर, क्वचित त्याहूनही लहान मापावर लागतात.

आता हे माप पाहा. १,०२४ एमबी म्हणजे एक जीबी. घरी आपण दिवसाला एक-दीड जीबी सहज संपवतो. समजा, पॅक नसताना एका एमबीला केवळ पाच रुपये पडले. हा आकडा मी हिशेबापुरता धरला आहे. खरा दर देशागणिक आणि कंपनीगणिक निराळा असतो. तरी एका जीबीचे ५,१२० रुपये झाले! घरी एका दिवसात जे खर्चतो त्याचे हे मोल. प्रीपेड फोन असेल तर शिल्लक संपली की काम थांबते. पोस्टपेड असेल तर मीटर फिरत राहतो आणि महिन्याने बिल हाती येते.

माझ्या परिचयाच्या एका बाईंची हकीकत सांगते. मुलगा-सून आणि नात यांच्याबरोबर त्या सिंगापूरला गेल्या होत्या. पॅक घेतला होता तो मुलाच्या फोनवर. बाईंचा फोन पोस्टपेड. त्यावर रोमिंग चालू होते, पॅक नव्हता. बाईंनी सहा दिवसांत कोणाला फोन केला नाही, काही पाहिले नाही. फक्त नातीचे फोटो काढले आणि थोडे चित्रीकरण केले. पण फोन तो! काढलेला प्रत्येक फोटो आणि प्रत्येक चित्रफीत तो आपण होऊन कंपनीच्या दूरच्या कोठारात पाठवून देत होता. महिन्याने जे बिल आले ते पाहून घरात मोठा वाद झाला. "मी काहीच केले नाही," असे बाई परोपरीने सांगत होत्या, आणि ते अक्षरशः खरे होते. पण त्यांचे कोणी ऐकले नाही.

याहून वाईट गोष्ट पुढे झाली. दुसऱ्या सहलीला गेल्या तेव्हा बाईंनी फोन बंद करून पर्समध्ये ठेवला, तो उघडायचाच नाही असे ठरवून. एका मोठ्या बाजारात त्यांची आणि घरच्यांची चुकामूक झाली. हॉटेलचे नाव ठाऊक नाही, भाषा येत नाही. तब्बल दीड तास त्या एका बाकावर बसून होत्या. फोन जवळ होता. पण चालू केला तर पुन्हा तसेच बिल येईल, या धास्तीने त्यांनी त्याला हात लावला नाही. भगिनींनो, पहिल्या सहलीत पैसे गेले ते सोसता येतील. दुसऱ्या सहलीतला तो दीड तास मात्र मला अधिक दुःखाचा वाटतो. आपल्याच हातातल्या वस्तूची बाईला भीती वाटावी, ही काही काटकसर नव्हे. म्हणून आज मी खर्च कमी करण्याविषयी जितके बोलेन, तितकेच आपला फोन आपल्या ताब्यात ठेवण्याविषयीही बोलेन. कारण या दोन गोष्टी मुळात एकच आहेत.

आपल्या वाडीला पाणी देताना आपण काय करतो? पाटाचे पाणी एका माडाच्या आळ्यात सोडतो. ते भरले की बांध घालून पुढच्या आळ्याकडे वळवतो. सगळीकडचे बांध एकदम फोडून ठेवले, तर विहीर आटेल आणि पाणी भलतीकडे वाहून जाईल. फोनचेही तेच आहे. आपण जाणूनबुजून जे वापरतो त्याने बिल फारसे वाढत नाही. न सांगता जे वाहून जाते त्याने वाढते. ते बांध कोणते आणि कसे घालावे, ते सांगते.

पहिला बांध 'डेटा रोमिंग'चा. फोनच्या सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कच्या सदरात ही कळ असते. विमानात बसण्यापूर्वी ती बंद आहे ना, हे प्रत्येकीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मुलाने पाहिले असेल, यावर विसंबू नये. परदेशी वापरायचा पॅक ज्या फोनवर घेतला असेल, तेवढ्याच फोनवर ती चालू करावी.

दुसरा बांध फोटोंचा. गूगल फोटोज किंवा आयक्लाउड यांत 'मोबाइल डेटावर बॅकअप' अशी कळ असते, ती बंद करावी. चांगल्या प्रतीच्या एका मिनिटाच्या चित्रीकरणाला साधारण साठ ते शंभर एमबी लागतात, कधी त्याहूनही जास्त. त्यामुळे फोटो जायचे ते रात्री हॉटेलच्या वाय-फायवरच जावेत.

तिसरा बांध व्हॉट्सॲपचा. आपल्या बायकांच्या गटांवर दिवसाकाठी किती चित्रे आणि चित्रफिती येतात, ते मी सांगायला नको. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' या सदरात आपोआप उतरवून घेण्याच्या कळा आहेत. तेथे मोबाइल डेटासाठी आणि रोमिंगसाठी सर्व खुणा काढून टाकाव्यात. मग चित्र अंधूक दिसते आणि आपण बोट लावले तरच उघडते. त्याच पानावर कॉलसाठी कमी डेटा वापरण्याची कळ आहे, ती चालू करावी.

चौथा बांध ॲपच्या नव्या आवृत्त्यांचा. प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमध्ये त्या केवळ वाय-फायवर उतरतील असे करून ठेवावे. अँड्रॉइड फोनमध्ये 'डेटा सेव्हर' आणि आयफोनमध्ये 'लो डेटा मोड' अशी एकेक कळ असते. ती लावली की पुष्कळशी गळती एकदम थांबते. आणि बॅगा भरतानाच, घरच्या वाय-फायवर, ज्या शहरांना जायचे त्यांचे नकाशे गूगल मॅप्समध्ये 'ऑफलाइन' उतरवून घ्यावेत. आपण कोठे उभे आहोत हे फोनला उपग्रहावरून कळते, त्याला इंटरनेट लागत नाही. उतरवलेल्या नकाशावर पायी जाण्याची वाट किंवा बसगाड्यांची माहिती मिळेलच असे नाही, पण हॉटेल कोणत्या दिशेला आहे एवढे निश्चित समजते. भाषांतराच्या ॲपमध्येही त्या देशाची भाषा आधी उतरवून घेता येते. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर प्रश्न उरतो, बाहेर फिरताना इंटरनेट घ्यावे कोणाकडून? याचे तीन मार्ग आहेत आणि तिन्ही आपापल्या जागी योग्य आहेत.

पहिला मार्ग आपल्याच कंपनीचा आंतरराष्ट्रीय पॅक. यात सोय मोठी. सिम बदलायला नको, आपला क्रमांक चालू राहतो, बँकेचा ओटीपी येतो. चार-पाच दिवसांची सहल असेल, किंवा घरातील वडीलधाऱ्यांना नवे काही नको असेल, तर हा मार्ग बरा. मात्र पॅक घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. त्यात कोणते देश आहेत? दिवस कसे मोजतात, तारखेने की चोवीस तासांनी? आणि डेटा संपल्यावर काय होते, इंटरनेट बंद पडते, मंद होते, की निराळे पैसे लागू लागतात? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत.

दुसरा मार्ग तेथेच सिम घेण्याचा. सिंगापूर, थायलंड, दुबई अशा ठिकाणी विमानतळावरच प्रवाशांसाठी सिमची दुकाने असतात. पारपत्र दाखवून सिम मिळते. आठ-दहा दिवसांहून अधिक मुक्काम असेल तर हे बहुधा स्वस्त पडते. आपले भारतातले सिम फोनमध्येच दुसऱ्या खाचेत राहू द्यावे, म्हणजे बँकेचे निरोप येत राहतील. येणाऱ्या एसएमएसला सामान्यतः पैसे पडत नाहीत, तरी आपल्या कंपनीला विचारून खात्री करावी. पण भारतातल्या क्रमांकावर आलेला साधा फोन उचलला, तर त्याचे पैसे पडतात हे विसरू नये. दोन सिम असताना इंटरनेट नव्या सिमवरूनच चालेल असे ठरवून द्यावे आणि आपोआप दुसऱ्या सिमवर जाण्याची सोय असेल तर ती बंद करावी. नवे सिम घातल्यावर व्हॉट्सॲप विचारते, क्रमांक बदलायचा का? नको म्हणावे, जुन्याच क्रमांकावर ते चालते. आणि फोनमधील सर्व नावांच्या क्रमांकांआधी 'अधिक ९१' लावून ठेवावे, नाहीतर परदेशी सिमवरून घरचा फोन लागत नाही.

तिसरा मार्ग ई-सिमचा. यात हातात घेण्याजोगे सिमच नसते. पैसे भरले की एक चौकडीचे चित्र मिळते, ते फोनने टिपले की सिम आत बसते. आपल्या फोनला हे चालते का, हे पाहायला स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश असे दाबावे. पडद्यावर 'ईआयडी' नावाचा लांबलचक क्रमांक दिसला तर चालते. ई-सिम घरच्या वाय-फायवरच बसवून घ्यावे, कारण ते बसवायलाच इंटरनेट लागते. येथे एक सावधगिरीची सूचना. पुष्कळ जणींकडे मुलांनी अमेरिकेतून पाठवलेले फोन असतात. तसे फोन कधीकधी तेथल्या एका कंपनीशी जखडलेले असतात. त्यांत दुसऱ्या कंपनीचे सिम किंवा ई-सिम चालत नाही. निघण्यापूर्वी मुलाला विचारून घ्यावे.

आता प्रत्येकाच्या फोनवर पॅक घ्यावा का? चार माणसांच्या कुटुंबाला चार पॅक म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. साधा हिशेब करू. दिवसभरात पंधरा मिनिटे व्हॉट्सॲपवर नुसते बोलणे, थोडा नकाशा, वीस-पंचवीस फोटो घरी पाठवणे, एवढ्याला साधारण शंभर एमबीच्या आतबाहेर लागतात. म्हणजे बेताने वागले तर एका माणसाचा आठवडा एका जीबीत निघतो. मात्र समोरासमोर पाहत बोलायचे तर मिनिटाला पाच एमबी किंवा त्याहून अधिक जातात. आणि एक तासाचा चित्रपट उत्तम प्रतीत पाहिला तर त्याला तीन जीबीपर्यंत लागू शकतात. तेव्हा नातवाचे तोंड पाहत बोलणे रात्री हॉटेलच्या वाय-फायवर ठेवावे, आणि चित्रपट घरूनच उतरवून न्यावेत.

यासाठी कुटुंबात दोन फोनवर इंटरनेट घ्यावे असे माझे मत आहे. एक कर्त्या माणसाकडे आणि दुसरे घरातील वडीलधाऱ्या बाईकडे. दोन अशासाठी की, एक फोन हरवला, बिघडला किंवा दोन तुकड्यांत फिरायची वेळ आली, तरी कोणी एकटे पडत नाही. बाकीच्यांनी गरजेपुरते त्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडून घ्यावे. पण हॉटस्पॉटची एक मेख आहे, ती पुष्कळ जाणत्यांनाही ठाऊक नसते. हॉटस्पॉटला जोडलेला फोन असे समजतो की, आपण वाय-फायवर आहोत. मग वाय-फायसाठी राखून ठेवलेली त्याची सगळी कामे सुरू होतात. फोटो जाऊ लागतात, ॲपच्या नव्या आवृत्त्या उतरू लागतात, मुलांचा टॅब्लेट असेल तर तोही तोंड लावतो. विकत घेतलेला डेटा तासाभरात संपतो आणि कोणी संपवला हे कळत नाही. म्हणून जोडलेल्या फोनमध्ये त्या हॉटस्पॉटच्या नावापुढे आयफोन असेल तर 'लो डेटा मोड', अँड्रॉइड असेल तर 'मीटर्ड' अशी खूण करावी, आणि काम झाले की हॉटस्पॉट बंद करावा.

वाटेतील काही खाचखळगे सांगते. युरोपला जाताना विमान बहुधा दुबई, अबुधाबी किंवा दोहा येथे बदलावे लागते. आपला पॅक युरोपचा असेल, तर त्या मधल्या देशात तो लागू नसतो. दोन-तीन तासांच्या त्या थांब्यात फोन एअरप्लेन मोडमध्येच ठेवून विमानतळाचे वाय-फाय वापरावे. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून सदस्य देशांत फिरताना रोमिंगचा जादा आकार काढून टाकला. त्यामुळे फ्रान्समध्ये घेतलेले सिम इटलीत किंवा जर्मनीतही तेथल्याच दराने चालते. पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही. आपली माणसे पॅरिस पाहून बर्फ पाहायला हटकून तेथेच जातात, आणि तेथेच पैसे कापले जातात. इंग्लंडही आता संघाबाहेर आहे. सिम घेताना या दोन देशांची नावे घेऊन विचारावे.

जहाजाच्या सहलीची हौस अलीकडे वाढली आहे. भर समुद्रात जमिनीवरचे मनोरे नसतात. जहाजावर उपग्रहाच्या आधाराने चालणारे निराळे नेटवर्क असते. ते अतिशय महाग असते आणि नेहमीच्या पॅकमध्ये बहुधा बसत नाही. तेव्हा बंदर सुटले की फोन एअरप्लेन मोडमध्ये टाकावा. विमानातही तोच नियम. दुबईला जाणाऱ्या भगिनींनी हेही लक्षात ठेवावे की, संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर मजकूर आणि फोटो जातात, पण त्यावरून बोलणे तेथे बंद ठेवलेले आहे. ज्यांची माणसे आखातात आहेत त्यांना हे माहीत आहेच. पोहोचल्याचा फोन आला नाही म्हणून घरी सासूबाईंनी रात्रभर जागू नये, यासाठी "पोहोचल्यावर लिहून कळवू," असे निघतानाच सांगून ठेवावे.

लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आयांविषयी दोन शब्द निराळे बोलले पाहिजेत. त्यांचा मुक्काम पाच-सहा महिन्यांचा असतो. लेकीच्या घरी वाय-फाय असते, म्हणून महागडे रोमिंग पॅक घेण्याचे कारण नाही. बाहेर जाण्यापुरते तेथलेच एक सिम लेक-जावई करून देतात. खरी काळजी घ्यायची ती भारतातल्या क्रमांकाची. प्रीपेड सिम सलग नव्वद दिवस वापरात नसेल, तर कंपनी ते बंद करू शकते, आणि पुढे तो क्रमांक दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. त्या क्रमांकावर आपली बँक असते, गॅसची नोंदणी असते, पेन्शनचे निरोप असतात. म्हणून निघण्यापूर्वी पुरेल असा रिचार्ज करावा, आंतरराष्ट्रीय सेवा चालू करून घ्यावी, आणि तेथे असताना अधूनमधून सिम चालू ठेवून एखादा निरोप पाठवावा. परत येऊन बँकेच्या दारात हेलपाटे घालण्यापेक्षा हे फार स्वस्त आहे.

फुकटच्या वाय-फायविषयीही सांगितले पाहिजे. हॉटेल आणि विमानतळ येथील वाय-फाय बातम्या, नकाशे, गप्पा यांसाठी खुशाल वापरावे. बँकेचा व्यवहार मात्र त्यावर करू नये. तो आपल्या सिमच्या इंटरनेटवर करावा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. हॉटेलातील वाय-फायला निराळे पैसे आहेत का, हेही खोली घेतानाच विचारावे.

एवढी दक्षता घेऊनही बिल भलतेच आले तर? गप्प बसू नये, आणि घरात एकमेकांना दोषही देऊ नये. बिलाचा तपशील मागवावा. त्यात कोणत्या दिवशी किती डेटा गेला हे दिसते. कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. तेथे समाधान झाले नाही, तर प्रत्येक कंपनीत त्यावर अपील ऐकणारा अधिकारी असतो, त्याच्याकडे जावे. पॅक घेतल्याचा संदेश आणि पावती जपून ठेवली असेल तर आपली बाजू भक्कम होते.

शेवटी, काटकसरीची मर्यादा. फोन हा सहलीत अडचणीच्या वेळचा सोबती आहे. वाट चुकली, प्रकृती बिघडली, माणसे दृष्टीआड झाली, तर डेटा रोमिंगची कळ बेधडक चालू करावी, फोन करावा, बिलाचा विचार मागाहून. हा निर्णय घेण्याची मोकळीक घरातील प्रत्येक बाईला आहे, असे निघण्यापूर्वीच घरात बोलून ठेवावे. म्हणजे ऐन वेळी तिचा हात अडखळणार नाही. आणि फोनवर सर्वस्वी विसंबूही नये. हॉटेलचे नाव व पत्ता तेथल्या भाषेत लिहिलेले कार्ड, आणि बरोबरच्या दोघांचे फोन क्रमांक कागदावर लिहून पर्समध्ये ठेवावेत. त्या कागदाला ना बॅटरी लागते, ना पॅक.

आज सांगितलेल्या गोष्टींपैकी कोणतीही कठीण नाही. पापडाचे पीठ भिजवण्यापेक्षा तर नक्कीच सोपी! फक्त त्या आपण स्वतःच्या बोटांनी एकदा करून पाहिल्या पाहिजेत. पुढील मासिक सभेला प्रत्येकीने आपापला फोन आणावा, आणि आपल्यातील तरुण सुना-मुलींनी तासभर वेळ काढून या कळा दाखवाव्यात. दाखवाव्यात म्हणजे फोन हातात घेऊन स्वतः करून देऊ नयेत. शेजारी बसावे आणि तिच्याकडूनच करवून घ्यावे. परदेशी जाणे लगेच असो वा नसो, ही विद्या वाया जाणारी नाही.